दांतांचें काम यंत्राकडे

अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या ओट्यावर मिक्सरच्या शेजारीं एक नवें यंत्र येऊन उभें राहिलेलें दिसतें. दुकानदार त्याला ‘स्लो जूसर’ म्हणतो, कोणी ‘कोल्ड प्रेस’ म्हणतात; आपण त्याला मंदगति रसयंत्र म्हणूं. पांचसहा हजारांपासून पंचवीसतीस हजारांपर्यंत त्याची किंमत पडते. एवढी रक्कम मोजून आणलेली वस्तु घरांतील एकूणएक माणसाच्या उपयोगीं पडावी, असें वाटणें साहजिकच आहे. त्यामुळें यंत्र आलें कीं दुसऱ्या दिवसापासून पहांटे आजोबांना दुधीचा रस, कचेरींत जाणारांना पालक-आंवळ्याचा, शाळकरी मुलांना सफरचंद-गाजराचा, आणि घरांत तान्हें मूल असलें तर त्यालाही दोन चमचे मोसंब्याचा, असा परिपाठ सुरू होतो. पहिला महिना उत्साहांत जातो. पुढें बहुतेक घरीं काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. यंत्र माळ्यावर जातें. तें माळ्यावर गेलें तर नुकसान पैशाचेंच. परंतु तें ओट्यावर राहून अविचारानें चाललें, तर त्याहून मोठें नुकसान होऊं शकतें, आणि आज या विषयाला हात घालण्याचें मुख्य कारण तेंच आहे.

आधीं यंत्र समजून घेऊं. जुन्या विजेच्या रसयंत्रांत किसणीसारखी दांतेरी तबकडी असते. ती मिनिटाला कित्येक हजार फेरे घेते. फळाचा कीस होऊन तो फिरत्या जाळीवर आपटतो आणि रस बाहेर फेंकला जातो. नव्या यंत्रांत तशी तबकडी नसते. त्यांत एक जाड मळसूत्र असतें आणि तें मिनिटाला साधारण चाळीस ते शंभर फेरे घेतें. वरून टाकलेली फोड मळसूत्र खालीं ओढतें, चाळणीच्या भिंतीशीं चेंगरतें, पिळतें. रस एका तोटीनें येतो, चोथा दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतो. इंग्रजींत या जातीच्या यंत्राला जें विशेषण लावतात त्याचा अर्थ ‘चर्वण करणारें’ असा आहे, आणि तें अगदीं समर्पक आहे. आपण दाढांनीं जें करतों तेंच हें यंत्र करतें. यांतलें तत्त्व आपल्याला परकें नाहीं. बैल जुंपलेला तेलाचा लांकडी घाणा आणि गुऱ्हाळांतला उसाचा चरक हीं याच कुळांतलीं; रसवंतिगृहांतल्या चरकाचे घुंगरू तर अजूनही उन्हाळ्यांत जातांयेतां कानीं पडतात. आजचीं उभ्या घाटाचीं घरगुती यंत्रें मात्र दक्षिण कोरियांतून जगभर गेलीं. तेथें हिरव्या पाल्याचा रस काढून पिण्याची चाल आहे, आणि पाला वेगवान तबकडीपेक्षां मळसूत्रानेंच चांगला पिळला जातो.

विक्रेत्यांचीं विधानें मात्र पारखून घ्यावीं लागतात. वेगवान यंत्रांत उष्णता उत्पन्न होऊन जीवनसत्त्वें जळतात, असें ते सांगतात. रस यंत्रांत जेमतेम कांहीं सेकंद असतो. तेवढ्यांत तो किंचित् कोमट झाला तरी जीवनसत्त्वें नष्ट होण्याइतका तापत नाहीं. खरा फरक हवेचा आहे. वेगानें घुसळलेल्या रसांत हवा मिसळून फेंस येतो, आणि प्राणवायूच्या संसर्गानें रंगाची व ‘क’ जीवनसत्त्वाची झीज लवकर सुरू होते. मळसूत्राचा रस कमी फेंसाळ असतो आणि लवकर फांकत नाहीं. ‘जिवंत एन्झाइमें’ मिळतात हा दुसरा दावा तर गमतीचा आहे. एन्झाइमें हीं प्रथिनें; पोटांत गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणें त्यांचेंही पचन होऊन जातें. सफरचंदाचा रस थोड्याच वेळांत तांबूस पडतो तो याच एन्झाइमांच्या कृपेनें, आणि आपण त्यांत लिंबू पिळतों तें त्यांना आवर घालण्यासाठीं! शरीरांतलीं विषें धुऊन निघतात, ही तिसरी जाहिरात. तें काम आपलें यकृत आणि मूत्रपिंडें जन्मापासून बिनबोभाट करीत आलीं आहेत. त्यांना पेलाभर रसाच्या मदतीची वाट पाहावी लागत नाहीं.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. पाल्याचा, आल्याचा, ओल्या हळदीचा, आंवळ्याचा रस तें उत्तम काढतें; पाटा-वरवंट्यावर वाटून फडक्यांतून पिळण्याचे श्रम वांचतात. ज्यांचे दांत गेले आहेत अशा वृद्धांना गाजर-बीट खावेंसें वाटलें तरी चावत नाहीं. त्यांना हा रस म्हणजे वरदान आहे. गाजराच्या बाबतींत तर आणखी एक गोष्ट आहे. त्यांतलें कॅरोटिन कच्च्या फोडींत पेशींच्या आंत कोंडलेलें असतें. पेशी फुटल्या म्हणजे तें शरीराला अधिक मिळतें, आणि सोबत थोडें तूप वा तेल पोटांत गेलें तर अधिकच. शिवाय हें यंत्र फारसा आवाज करीत नाहीं. पहांटे मिक्सर लावल्याबरोबर सारें घर जागें होतें हें ज्यांनीं अनुभवलें आहे, त्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगावयास नको.

परंतु प्रश्न चर्वणाचा आहे. दांत केवळ अन्न बारीक करीत नाहींत. ते आपल्याला थांबवितात. चार संत्रीं सोलून, फोडी चावून खावयास पंधरा मिनिटें लागतात, आणि तिसऱ्या संत्र्याशींच पुरे वाटूं लागतें. त्याच चार संत्र्यांचा रस दोन घोटांत संपतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत १९७७ सालीं हेबर व त्यांचे सहकारी यांचा एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलें: तसेंच फळ, गर आणि रस. रस हा फळापेक्षां अकरा पट आणि गरापेक्षां चौपट वेगानें पोटांत गेला. पोट भरल्याचें समाधान रसानें सर्वांत कमी झालें. रसानंतर रक्तांत इन्सुलिन अधिक चढलें, आणि चढलेली साखर मग झपाट्यानें खालीं उतरली. फळ चावून खाल्लें तेव्हां तशी घसरण झाली नाहीं. साखर तीच, फळ तेंच, फरक एवढाच कीं तंतु मोडले किंवा काढून टाकले गेले. येथें यंत्राच्या ‘मंद’पणानें आपली फसगत होते. यंत्र मंद झालें म्हणून पिणें कांहीं मंद होत नाहीं.

अडीचशे मिलिलिटर संत्र्याच्या रसांत सुमारें वीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चारपांच चमचे. ती फळाची, नैसर्गिक म्हणून निर्धास्त, असें आपण मानतों. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालच्या मार्गदर्शनांत रसांतल्या साखरेला डब्यांतल्या साखरेच्याच पंक्तीला बसविलें आहे. अख्ख्या फळांतल्या साखरेला मात्र त्या पंक्तींतून वगळलें आहे. रोज दोन हजार किलोकॅलरी आहार घेणाऱ्या माणसानें अशी मोकळी साखर पन्नास ग्रॅमच्या आंत ठेवावी, आणि पंचवीसच्या आंत ठेवल्यास अधिक चांगलें, असा त्या हिशेबाचा अर्थ होतो. चहा, लाडू, श्रीखंड हें सारें त्याच पन्नासांत आलें. अमेरिकेंतील सुमारें एक लाख सत्त्याऐंशी हजार परिचारिका व आरोग्यव्यवसायी यांच्या दीर्घकालीन नोंदींवरून २०१३ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें जो निष्कर्ष आला, तोही याच दिशेचा होता: द्राक्षें, सफरचंदें यांसारखीं फळें खाणारांत मधुमेहाचें प्रमाण कमी, तर फळांचा रस नित्य पिणारांत अधिक. ज्या समाजांत घरटी एखादा तरी मधुमेही सांपडतो, त्यानें हें दृष्टीआड करूं नये.

आपल्या पूर्वजांना ताजा रस ठाऊक नव्हता असें कोणी समजूं नये. ताजी वनस्पति कुटून वस्त्रांतून पिळलेला तो स्वरस; कल्क, क्वाथ, हिम, फांट यांच्या मालिकेंत त्याचा मान पहिला. पण त्याची मात्रा किती? शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडांत स्वरस जड म्हणून तो अर्धें पळ द्यावा असें सांगितलें आहे. अर्धें पळ म्हणजे सुमारें दोन तोळे, आजच्या मापानें वीसपंचवीस ग्रॅम. घरचें वैद्यक जाणणाऱ्या आजीबाई आल्याचा किंवा तुळशीचा रस चमच्यानें देत, पेल्यानें नव्हे. आयुर्वेदाचें नांव घेऊन सकाळीं अर्धा लिटर रस पिणाऱ्यांनीं ही मात्रा एकदां पाहावी.

दांतांचें झालें. आतां जिभेचें सांगावयाचें आहे, आणि तें अधिक गंभीर आहे.

दुधीचा रस हृदयाला चांगला, वजन उतरवितो, साखर आटोक्यांत ठेवतो, अशा समजुतीनें हजारो घरीं तो रोज काढला जातो. दुधी, काकडी, दोडका, कारलें हीं सारीं एका कुळांतलीं, आणि या कुळांतल्या वेलींत कुकरबिटासिन नांवाचीं अतिशय कडू द्रव्यें असतात. खाण्याच्या जातींत त्यांचें प्रमाण नगण्य असतें. पण क्वचित् एखादें फळ कडू निघतें. बाहेरून तें ओळखूं येत नाहीं. असा कडू दुधी विषारी असतो. २०१० सालीं दिल्लींत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्याल्यानंतर मृत्यु झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें तज्ज्ञांची समिति नेमली. तिच्यापुढें विषबाधेचीं सव्वीस प्रकरणें आलीं आणि त्यांत तीन मृत्यु होते. पुण्यांतही २०१८ च्या जून महिन्यांत असा रस प्याल्यानंतर एका महिलेचा मृत्यु झाल्याचें वर्तमानपत्रांतून आलें होतें.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दुधीची भाजी तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलों. शिजवल्यानें तें विष जातें अशांतला प्रकार नाहीं. पण कडू भाजीचा पहिलाच घांस तोंडांत गेला कीं माणूस तो थुंकून टाकतो आणि पातेलें बाजूस सारलें जातें. काकडी चिरतांना देंठाकडचा तुकडा कापून चाखून पाहण्याची आपल्या घरची जुनी रीत हीच राखण करीत असे. रसाच्या बाबतींत ही राखण तीन प्रकारें मोडते. एक, दुधी चिरून सरळ यंत्रांत जातो, चाखतो कोण? दुसरें, त्यांत आलें, पुदिना, लिंबू, कधीं कारल्याचाही रस मिसळतात. मग कडूपणा कोणाचा हें कळावें कसें? आणि तिसरें सर्वांत घातक: औषध तितकें कडू अशी आपली श्रद्धा. नाक दाबून, डोळे मिटून, ‘गुणकारी आहे’ म्हणून तो पेला रिता केला जातो. जीभ जो निरोप देते तो ऐकावयाचा नाहीं असें आपण आधींच ठरविलेलें असतें.

म्हणून हा नियम घरांत पक्का करावा. दुधी चिरल्यावर दोन्ही टोंकांचा आणि मधला असे लहान तुकडे ज्यानें चिरला त्यानें जिभेवर ठेवून पाहावे, गिळूं नयेत. किंचितही कडू लागला तर सबंध फळ फेंकून द्यावें. भाजींतही घालूं नये, गाईलाही घालूं नये. दुधीच्या रसांत दुसरा कोणताही रस मिसळूं नये. रस काढल्यावर पुन्हां एक थेंब चाखावा. आणि प्याल्यानंतर मळमळ, उलटी, पोटांत कळा, जुलाब, घेरी यांपैकीं कांहीं सुरू झालें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां ताबडतोब रुग्णालय गांठावें आणि तेथें ‘दुधीचा रस घेतला होता’ हें पहिल्या वाक्यांत सांगावें. या विषावर उतारा नाहीं. रक्तदाब झपाट्यानें उतरतो, आंतड्यांत रक्तस्राव होऊं शकतो, आणि वेळेवर मिळालेल्या शुश्रूषेवरच सारें अवलंबून राहतें. आमचें मत विचाराल तर दुधीची भाजी करावी, कोफ्ता करावा, हलवा करावा. रसाची अडचण काय आहे तेंच आम्हांस कळत नाहीं.

घरांतल्या प्रत्येक माणसाचा विचार वेगळा करावा लागतो. मधुमेही आजोबांनी फळांचा रस घेऊं नये, एकादशीच्या दिवशीं तर नाहींच. उपास म्हणून इतर कांहीं न घेतां नुसता गोड रस पिणें आणि साखरेचीं औषधें चालू ठेवणें हा चढउताराचा खेळ आहे. एरव्हीं रक्तांतली साखर एकाएकीं खालीं गेली तर मात्र हाच रस उपयोगीं पडतो, ही गोष्ट वेगळी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून कोणताही रस सुरू करूं नये. पालकांत ऑक्झॅलेट विपुल असतें. जुडीच्या जुड्या पिळून रोज पिणारांचीं मूत्रपिंडें त्यानें बिघडल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराचें तें आंबट फळ, अशा रुग्णांच्या मेंदूला घातक ठरतें. रक्त पातळ ठेवण्याचीं जुनीं औषधें चालू असणारांनीं हिरव्या पाल्याचा रस एकाएकीं वाढवूं नये.  बीटाचा रस प्याल्यावर दुसऱ्या दिवशीं लघवी तांबडी झाली तर घाबरून जाऊं नये, एवढें आधीं सांगून ठेवावें!

तान्ह्याला मोसंब्याचा रस देणें हें आपल्याकडे कौतुकाचें काम आहे आणि तें बहुधा आजीकडे असतें. त्या मायेचा अनादर करावयाचा नाहीं. परंतु अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं स्पष्ट सांगितलें कीं एक वर्षाच्या आंतील मुलास रस देऊंच नये, आणि पुढें तीन वर्षांपर्यंत दिवसाला एकशेंवीस मिलिलिटरच्या वर नको. दूध हाच त्याचा आहार. रसानें पोट भरलें कीं तें दूध कमी पितें. फळ द्यावयाचेंच तर सहा महिन्यांनंतर केळें किंवा शिजवलेलें सफरचंद कुस्करून चमच्यानें द्यावें. आजीच्या हातूनच द्यावें.

आतां थोडें धुण्याविषयीं. यंत्राचे पांचसहा भाग सुटे होतात आणि त्यांतली चाळणी अतिशय बारीक छिद्रांची असते. रस काढल्याबरोबर ती ब्रशानें घासली नाहीं तर तंतु वाळून बसतात, मग सुईनें टोंचत बसावें लागतें. रस पिण्यास दोन मिनिटें, यंत्र धुण्यास दहापंधरा. एकत्र कुटुंबांत पिणारे आठ आणि धुणारी एक, असा हिशेब नकळत पडतो. आणि जी धुते तिच्या वाट्याला पेल्यांत तळचा गाळ येतो. माळ्यावर गेलेल्या यंत्रांपैकीं पुष्कळ या एकाच कारणानें गेलीं असावींत. जो पितो त्यानें आठवड्यांतून एक दिवस चाळणी घासावी, असें घरांतील कर्त्या पुरुषांनीं आपण होऊन ठरवावें. सासूबाईंनीं सांगण्यापेक्षां तें बरें दिसेल, आणि रसाचें रोजचें प्रमाणही आपोआप बेताचें होईल.

यंत्रांत काय घालावें, काय घालूं नये, याची जाणीवही पुढें उपयोगी पडते. ऊस घालूं नये. त्याच्या चिवट दोऱ्या मळसूत्राला गुंडाळतात आणि यंत्र अडतें. तो रसवंतिगृहांतच शोभतो. आंवळ्याची आणि बोराची बी, आंब्याची बाठ काढूनच टाकावी. आंबा आणि केळें यांत रस नसून गर असतो. चाळणी बुजते आणि हातीं कांहीं लागत नाहीं. आमरसाला अजूनही हातच हवा. नागपुरी संत्र्याच्या बिया आधीं काढाव्या, कारण त्यांच्यासह चेंगरलेला रस प्रथम गोड लागतो व थोड्या वेळानें कडवटतो. कोथिंबिरीच्या काड्या, पालक वगैरे लांब वस्तु बोटाएवढ्या कापून, मध्यें मध्यें गाजराची फोड टाकीत सोडाव्या. फळें सोलावयाचीं असलीं तरी आधीं धुवावीं. न उकळलेल्या रसांत सालीवरचे जंतु उतरतात. काढलेला रस लगेच घ्यावा, शीतकपाटांत ठेवलाच तर त्या दिवशींच संपवावा. यंत्राच्या पुस्तिकेंत परवानगी असेल तर ओल्या नारळाचें दूध यांत छान निघतें. खोबऱ्याचे बारीक काप कोमट पाण्यांत थोडा वेळ ठेवून पाण्यासह थोडेथोडे सोडावे. घरांत दहाबारा पानांची सोलकढी करावयाची असली म्हणजे हा उपयोग एकट्यानेंच यंत्राची किंमत वसूल करून देतो.

चोथा टाकूं नये. आपण ज्याला चोथा म्हणतों तोच फळाचा तंतु, आणि वर ज्याच्या अभावाबद्दल एवढें सांगितलें तो हाच. गाजर-बीटाचा चोथा भाजणींत मळून त्याचीं थालिपीठें लावावीं. थोडा ओवा, तीळ, हिरवी मिरची घातली तर मुलें काय खात आहेत हें विचारीतही नाहींत. पालकाचा चोथा कणकेंत जातो. आंवळ्याचा चोथा मीठ, जिरें लावून उन्हांत वाळवावा, बाराही महिने मुखशुद्धीला होतो. संत्र्याच्या चोथ्याला मात्र चव राहत नाहीं. तो कुंडींतल्या तुळशीपासून दूर, खताच्या खड्ड्यांत टाकावा.